पकडले गेल्याचे दुःख नाही: स्टेल्थ गेममधला न्याय आणि वैताग

गेल्या महिन्यात एक स्टेल्थ गेम, म्हणजे लढण्यापेक्षा लपूनछपून पहारा चुकवत पुढे जायचा गेम, खेळत होतो. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रार त्या एका गेमपुरती नाही. एका गोदामात शिरायचे होते. दोन पहारेकऱ्यांच्या फेऱ्या मी तीनतीनदा मोजल्या, दिवा विझवला, एका पेटीआड जाऊन बसलो आणि अचानक अलार्म वाजला. कोणी पाहिले, कुठून पाहिले, की कोणी पाहिलेच नाही आणि केवळ पाऊल वाजले, हे मला आजतागायत कळलेले नाही. पुढच्या खेपेस त्याच वाटेने जाऊन त्याच पेटीआड अगदी तसाच बसलो, तर काहीच झाले नाही. खरे सांगायचे तर या दुसऱ्या खेपेचा राग मला पहिल्यापेक्षा जास्त आला. हरलो तेव्हा निदान माझे काहीतरी चुकले असेल अशी शंका तरी होती. जिंकलो तेव्हा तीही गेली.

म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो त्याचे असते. स्टेल्थ गेममध्ये पकडले जाण्याचेही तसेच आहे. पकडले जाणे हा लपंडावाचा भागच आहे, त्याशिवाय लपण्याला अर्थ नाही. पण पकडले जाण्याचे कारण हाती लागले नाही, की खेळाडूचा गेमवरचा विश्वास उडतो, आणि तो उडाल्यावर पुढचा प्रत्येक पराभव रडीचा डाव वाटू लागतो, मग तो कितीही रास्त असो. बंदुकीच्या गेममध्ये गोळी कुठून आली हे कळले नाही तरी फारसे बिघडत नाही, कारण पुढच्या दोन सेकंदांत आपण पळतो, वळतो, उलट गोळी झाडतो. स्टेल्थमध्ये खेळाडूने पाच-दहा मिनिटे संयमाने एक गृहीतक रचलेले असते: हा इकडे बघतो, तो तिकडे जातो, मधल्या चार सेकंदांत मी पलीकडे जाईन. ते गृहीतक कोसळते तेव्हा नेमके कोणते विधान खोटे ठरले, हे कळण्याचा त्याला हक्क आहे.

हा प्रश्न या प्रकाराइतकाच जुना आहे. १९८७ च्या मेटल गिअरमध्ये पहारेकऱ्यांची नजर फक्त सरळ रेषेत चालत असे. आज ते बालिश वाटेल, पण त्या रेषेत पाऊल टाकले तर चूक कोणाची, याबद्दल वादाला जागाच नव्हती. १९९८ साली आलेल्या मेटल गिअर सॉलिडने कोपऱ्यातल्या रडारवर पहारेकऱ्यांच्या नजरेचे त्रिकोण काढून दाखवले, बर्फात उमटलेल्या पावलांचा माग काढणारे पहारेकरी आणले, आणि पकडले गेल्याक्षणी डोक्यावर उद्गारचिन्ह व तो सुप्रसिद्ध आवाज दिला. त्याच वर्षीच्या ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ने नेमका उलटा रस्ता धरला. तिथे रडार नाही. पडद्याच्या तळाशी एक रत्न असते. आपण उजेडात आलो की ते उजळते आणि अंधारात शिरलो की काळवंडते. बाकी सारा हिशोब कानांवर सोडलेला असतो. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, फरशीवर वाजते, धातूच्या जाळीवर तर सारा वाडा जागा होईल असे वाजते. फरशी ओलांडायचीच असेल, तर शेवाळाचा बाण मारून तिच्यावर मऊ पट्टा तयार करता येतो.

थीफमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे पहारेकऱ्यांची बडबड. त्याला काहीतरी ऐकू आल्यासारखे वाटते आणि तो स्वतःशी पुटपुटतो. मग शोधायला लागतो आणि तसे मोठ्याने म्हणतो. काही सापडले नाही की उंदीर असावा अशी स्वतःची समजूत घालून फेरीला लागतो. खऱ्या आयुष्यात कोणताही पहारेकरी आपल्या मनातले असे बोलून दाखवणार नाही. ते बोलणे त्याच्यासाठी नाहीच, ते पडद्यासमोर बसलेल्या माझ्यासाठी आहे. न्याय हा शब्द मी ज्या अर्थाने वापरतो आहे, तो हाच. पहारेकऱ्याला काय माहीत आहे, हे मला माहीत असले पाहिजे.

त्या दृष्टीने २०१० च्या स्प्लिंटर सेल: कन्व्हिक्शनमधली एक कल्पना मला फार मोलाची वाटते, जरी एकूण गेम माझ्या आवडीचा नाही. तिथे शत्रूंना तुम्ही शेवटचे जिथे दिसलात, तिथे तुमचीच एक फिकट आकृती उभी राहते. शत्रू त्या आकृतीवर गोळ्या झाडत राहतात आणि तुम्ही मागच्या बाजूने सटकता. शत्रूच्या डोक्यातला गैरसमज इतक्या सरळपणे क्वचितच कोणी चित्रात मांडला असेल.

आता दुसरा शब्द, वैताग. माझ्या मते न्याय आणि वैताग ही दोन निरनिराळी खाती आहेत आणि चर्चेत ती नेहमी एकत्र केली जातात. एखादा गेम पूर्ण न्याय्य असूनही वैताग देऊ शकतो. पकडले जाण्याचे कारण लखलखीत दिसते, चूक माझीच असते, पण शेवटचा चेकपॉइंट, म्हणजे जिथून पुन्हा सुरुवात करायची ती जागा, बारा मिनिटे मागे असतो आणि मधला न टाळता येणारा संवाद पुन्हा ऐकावा लागतो. याउलट एखादा गेम अन्यायी असूनही वैताग देत नाही, कारण दोन सेकंदांत आपण पुन्हा उभे असतो. १९९८ च्याच ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम’मध्ये राजवाड्याच्या अंगणात पहारेकऱ्याने पाहिले की थेट बाहेर हाकलतात, दयामाया नाही. तरीही त्या अंगणाबद्दल फारसे कोणी कुरकुरत नाही, कारण ते अंगण छोटे आहे. हाच नियम अर्ध्या तासाच्या लेव्हलला लावला असता, तर लोकांनी कंट्रोलर भिंतीवर आपटले असते.

न्याय म्हणजे वास्तवाशी इमान, ही समजूतही मला पटत नाही. याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०१२ चा हिटमॅन: अॅब्सोल्यूशन. त्यात तुम्ही ज्याचा वेश घ्याल, तोच वेश घातलेले इतर सगळे तुमच्याकडे संशयाने पाहू लागतात. तर्काने पाहिले तर हे अगदी बरोबर आहे, कारण स्वयंपाकघरातला नवा चेहरा स्वयंपाकीच आधी ओळखणार. पण परिणाम असा झाला की पोलिसांनी भरलेल्या जागेत पोलिसाचा वेश हा सर्वांत वाईट वेश ठरला, आणि वेशांतरावर उभ्या असलेल्या मालिकेतून वेशांतराचाच आनंद निघून गेला. २०१६ च्या हिटमॅनने हे सुधारले. तिथे एखाद्या वेशात फक्त ठरावीक माणसेच तुम्हाला ओळखू शकतात आणि त्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो. ठिपका अवास्तव आहे, पण त्यामुळे जागा पुन्हा वाचता येऊ लागली.

इतरांचे अनुभव, विशेषतः याच्या विरुद्ध मते, वाचायला आवडतील.

प्रतिसाद १

धाग्याची मांडणी आवडली, पण मूळ मुद्द्याशी मी अर्धाच सहमत आहे. पहारेकऱ्याला काय माहीत आहे हे मला सतत माहीत असेल, तर मी लपलेला कशासाठी आहे? मग ते गणिताचे कोडे होते, भीती उरत नाही.

२०१४ चा एलियन: आयसोलेशन घ्या. त्यात तुमच्या मागावर असलेल्या त्या एका परग्रहावरच्या प्राण्याची फेरी ठरलेली नाही, त्यामुळे तुम्ही ती मोजू शकत नाही. हातातले यंत्र तो किती दूर आहे हे दाखवते, पण तो जवळ असला तर त्या यंत्राचा आवाज त्यालाही ऐकू जातो, म्हणजे माहिती हवी असेल तर तिची किंमत जिवाने मोजायची. सेव्ह करण्यासाठी भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालून तीन दिवे एकामागून एक लागेपर्यंत पाठमोरे उभे राहावे लागते. मी एकदा तिसरा दिवा लागण्याच्या आत गेलो. त्या मृत्यूचे कारण मला कळले का? नाही. तो छतातून आला, जमिनीवरून आला, माझा माग काढत आला की योगायोगाने, काहीच सांगता येणार नाही. पण मला फसवल्यासारखे वाटले नाही, कारण या गेमने पहिल्यापासून मला खात्रीचे वचन दिलेच नव्हते.

आपण न्याय म्हणता त्याला मी करार म्हणेन. प्रत्येक गेम पहिल्या अर्ध्या तासात खेळाडूशी एक करार करतो, आणि पुढे तो पाळला की झाले. आपल्या गोदामाच्या गेमने बहुधा फेऱ्या मोजू दिल्या आणि मग मोजलेले मानले नाही.

प्रतिसाद २

वरचा करार हा शब्द नेमका आहे. त्यात एक भर घालतो. आयसोलेशनमधला प्राणी दोन पातळ्यांवर चालवला जातो, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. वरच्या पातळीवरच्या व्यवस्थेला खेळाडू कुठे आहे ते नेहमी ठाऊक असते आणि ती प्राण्याला साधारण कोणत्या भागात शोधायचे याचा इशारा देते. प्रत्यक्ष शोध मात्र त्याला स्वतःच्या डोळ्या-कानांनीच घ्यावा लागतो. तो फार वेळ तुमच्या आसपास घुटमळला, तर हीच व्यवस्था त्याला थोडा वेळ दूर पाठवते. म्हणजे ज्या गेमला आपण निर्दय म्हणतो, तो पडद्याआडून खेळाडूला श्वास घ्यायला वेळही काढून देत असतो. न्याय आहे, फक्त तो दाखवलेला नाही.

प्रतिसाद ३

मी हौस म्हणून छोटे गेम बनवतो, प्रकाशित असे काही नाही. धागालेखकांच्या गोदामात काय झाले असावे, याचा अंदाज मला माझ्या स्वतःच्या पापांवरून बांधता येतो.

माझ्या पहारेकऱ्याच्या डोळ्यांपासून खेळाडूच्या शरीरावरच्या तीन बिंदूंकडे अदृश्य रेषा सोडल्या जात: डोके, छाती आणि गुडघा. तीनांपैकी एक जरी रेषा मधे न अडता पोहोचली, तरी खेळाडू दिसला असे मी ठरवले होते. कागदावर हे निर्दोष होते. प्रत्यक्षात खेळाडू पेटीआड बसला की त्याच्या बसण्याच्या अॅनिमेशनमध्ये एक गुडघा क्षणभर पेटीबाहेर डोकावत असे. कॅमेरा पाठीमागून असल्यामुळे तो गुडघा खेळाडूला कधीच दिसत नसे. पहारेकऱ्याला मात्र दिसे. आणि अॅनिमेशनच्या नेमक्या त्या क्षणी पहारेकऱ्याची मान तिकडे वळलेली असेल तरच दिसे, म्हणून एकदा पकडले जाई आणि पुढच्या वेळी नाही. ज्या मित्रांना मी तो खेळायला दिला, ते सगळे म्हणाले की पहारेकरी भिंतीतून बघतो. मी त्यांना आलेख दाखवून त्याला भिंतीतून दिसत नाही हे सिद्ध करत बसलो. गणित बरोबर होते आणि गेम खोटा होता.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. एका बिंदूऐवजी दोन बिंदू दिसले तरच ओळख पटावी असे केले. शिवाय ओळख पटायला सुरुवात झाल्यावर पहारेकऱ्याने आधी थांबावे, मान वळवावी आणि एक आवाज काढावा, आणि पूर्ण खात्री व्हायला त्याला जवळपास एक सेकंद लागावा असे ठरवले. म्हणजे मी पहारेकऱ्याला अधिक मठ्ठ केले. तेच मित्र पुन्हा खेळले आणि म्हणाले की आता तो हुशार झालाय. त्याचे मान वळवून थबकणे पाहून त्यांना वाटले की तो विचार करतो आहे.

तेव्हापासून मी खेळाडूच्या बाजूने खोटे बोलायला लाजत नाही, आणि मोठे लोकही लाजत नाहीत. २०१२ च्या डिसऑनर्डमध्ये आडोशाआडून कलून बघताना तुमचे डोके पूर्ण बाहेर आले, तरी पहारेकरी ते धरत नाहीत. त्यांच्या लेखी तुम्ही अजून आडोशामागेच असता. २०१३ च्या ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये तुम्ही लपलेले असताना सोबतची मुलगी शत्रूच्या नाकासमोरून धावत गेली, तरी तो तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. हे हास्यास्पद दिसते, पण संगणकाने चालवलेल्या सोबत्याच्या चुकीसाठी खेळाडूला शिक्षा झाली असती, तर ते त्याहून वाईट झाले असते.

धागालेखक

प्रतिसाद ३ वाचून गोदामातल्या त्या पेटीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो आहे. गुडघाच असावा.

प्रतिसाद १ मधला आक्षेप मला मान्य आहे आणि माझे विधान मी थोडे आवरते घेतो. पहारेकऱ्याला काय माहीत आहे हे प्रत्येक क्षणी कळलेच पाहिजे असे नाही, पण गेमने ज्या गोष्टी मोजायला शिकवल्या, त्या पुढे मोजण्याजोग्या राहिल्या पाहिजेत. आयसोलेशन मोजायला शिकवतच नाही, त्यामुळे तो त्या अर्थाने प्रामाणिक आहे. त्याचे सेव्ह मात्र मी वैतागाच्या खात्यात टाकतो.

प्रतिसाद ४

सेव्हचा विषय निघालाच आहे तर लिहितो. दर दहा सेकंदांनी क्विकसेव्ह करणे, म्हणजे एक कळ दाबून खेळ आहे तिथे जतन करणे, ही लबाडी, असे मानणारा एक कडवा पंथ आहे. मीही काही काळ त्यात होतो. त्यातून मला बाहेर काढले ते २०१६ च्या ‘शॅडो टॅक्टिक्स: ब्लेड्स ऑफ द शोगन’ने. तुम्ही थोडा वेळ सेव्ह केले नाही, तर हा गेम स्वतःच पडद्यावर घड्याळ दाखवून शेवटच्या सेव्हला किती वेळ झाला याची आठवण करून देतो. सेव्ह करणे ही त्याच्या लेखी खेळण्याचीच एक कृती आहे, दोरीवरून चालणाऱ्याच्या खालच्या जाळीसारखी.

आणि त्याच गेमची नजर दाखवण्याची पद्धत या धाग्यात नोंदवलीच पाहिजे. पहारेकऱ्यावर टिचकी मारली की त्याच्या नजरेचा पंखा जमिनीवर उलगडतो. तुम्ही त्या पंख्यात पाऊल टाकले, तरी तत्काळ बोंब होत नाही. पहारेकऱ्याच्या पायापासून एक रंग पंख्यात पुढे सरकू लागतो आणि तो तुमच्यापर्यंत पोहोचला तरच तुम्ही सापडता. लांब असाल तर रंगाला यायला वेळ लागतो, जवळ असाल तर पळायला सवडच नसते. पंख्याचा दूरचा भाग रेघारेघांचा असतो आणि तिथून वाकून गेले तर दिसत नाही. अंतर, वेळ आणि अंगाची ठेवण या तिन्ही गोष्टी एकाच चित्रात बसवल्या आहेत. मी कित्येकदा तो रंग माझ्या टाचेपासून वीतभर असताना भिंतीआड उडी मारली आहे, आणि जेव्हा मारू शकलो नाही, तेव्हा एकदाही गेमला शिवी दिलेली नाही.

२०१३ च्या गनपॉइंटचाही उल्लेख करतो. तिथे मेलात की काही सेकंदांपूर्वीपासून सुरू करायचे की त्याहून मागे जायचे, असे दोन-तीन पर्याय समोर येतात. नेमकी चूक कुठे झाली, हे अनेकदा खेळाडूलाच ठाऊक असते, हे त्या गेमने मानले आहे.

प्रतिसाद ५

सगळे फार सभ्यपणे चालले आहे म्हणून विचारतो. पाठलागाच्या आणि चोरून ऐकण्याच्या मोहिमांना क्षमा आहे का? अॅसॅसिन्स क्रीड मालिकेत एकाच्या मागे चालत जायचे, फार जवळ गेलात तर मोहीम फसली, फार मागे राहिलात तर मोहीम फसली, दिसलात तर फसलीच. इथे कारण अगदी स्वच्छ कळते, तेव्हा धागालेखकांच्या व्याख्येने हे न्याय्य ठरते. मग इतका संताप का होतो?

धागालेखक

प्रश्न बोचरा आहे. माझे उत्तर असे, की तिथे पकडले गेल्यानंतर काहीच घडत नाही. चांगल्या स्टेल्थमध्ये पकडले जाणे हा शेवट नसतो. ती खेळाची दुसरी बाजू असते: धावाधाव, अंधारात उडी, श्वास रोखून बसणे, शोधणारे परत फिरेपर्यंतची ती दोन मिनिटे. मेटल गिअर सॉलिडमधला अलार्म शेवटी निवळतो आणि पहारेकरी जागेवर परततात. पाठलागाच्या मोहिमेत मात्र दिसलो की पडदा पडतो, म्हणजे चूक सुधारण्याची संधीच कापून टाकलेली असते. शिवाय उरलेल्या सगळ्या गेममध्ये दिसल्यावर लढता येत असताना फक्त याच मोहिमेत ते चालत नाही. वरच्या प्रतिसादातला करार इथे मोडतो.

२०१५ च्या ‘मेटल गिअर सॉलिड ५: द फँटम पेन’ने हा मधला क्षणच रबरासारखा ताणला. पहारेकऱ्याने पाहिले की काही सेकंद काळ मंदावतो, आणि तेवढ्यात त्याला गप्प केले तर अलार्म होत नाही. ज्यांना ही सवलत वाटते, त्यांना ती सेटिंगमधून बंद करता येते. आणि खेळाडूला एवढे झुकते माप दिल्यावर गेम दुसऱ्या हाताने हिशोब चुकता करतो. सतत डोक्यात गोळ्या मारत राहिलात, तर पुढे सैनिक शिरस्त्राणे घालून येतात.

प्रतिसाद ६

करार मोडण्याची परिसीमा पाहायची असेल तर २०११ चा ‘डेअस एक्स: ह्युमन रेव्होल्यूशन’ आठवा. पंधरा-वीस तास कोणाला न मारता, वायुवीजनाच्या नळ्यांतून रांगत गेलेल्या खेळाडूला एका बंद खोलीत महाकाय शत्रूसमोर उभे केले जाई आणि लढण्यावाचून सुटका नसे. आपली सगळी कौशल्ये हॅकिंगमध्ये आणि लपण्यात गुंतवली असतील तर आनंदच. त्या लढायांचे काम बाहेरच्या कंपनीकडे दिलेले होते, हे नंतर समोर आले. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत त्याच खोल्यांना वाटा, आडोसे आणि हॅक करण्याजोगी यंत्रे जोडली गेली. शत्रू तेच राहिले, पण निदान आपण जसे खेळत आलो तसे त्यांना सामोरे जाता येऊ लागले.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

प्रतिसाद ५ वाचून एक प्रयोग केला. माझ्या गेममध्ये पकडले गेल्यावर पूर्वी लेव्हल लगेच पुन्हा सुरू होत असे. आता त्याआधी एक सेकंदभर चित्र गोठते आणि ज्या पहारेकऱ्याने पाहिले, त्याच्या डोळ्यांपासून खेळाडूच्या ज्या अवयवापर्यंत रेषा पोहोचली, ती लाल रेघ दिसते. काल रात्री पहिल्यांदा स्वतःच खेळून पाहिले. तिसऱ्या खोलीत पकडला गेलो, चित्र गोठले, आणि लाल रेघ दोन पेट्यांच्या फटीतून येऊन माझ्या कोपरावर थांबलेली होती. ती फट मीच ठेवली होती आणि विसरलो होतो.

धागालेखक

फट बुजवू नका. रेघ तेवढी राहू द्या.